प्रशिक्षित ॲसिड आणि अनसाबाई घोडके

आमच्या कंपनीत सुरक्षिततेचं प्रशिक्षण ॲसिडला दिलं जातं, माणसांना नाही. गेल्या उन्हाळ्यापासून हा नियम आहे, आणि प्रशिक्षण देणारा मी आहे.

त्याआधी मी माणसांना शिकवत असे. अंगावर उडालं तर काय करायचं, सांडलं तर कशानं झाकायचं, गटारात काय सोडायचं नाही. लोक डुलक्या घेत का होईना, ऐकत. मग आमचे कारखानाप्रमुख दाभाडकर साहेब यांनी जुन्या अपघातांच्या चौकशा वाचून काढल्या. प्रत्येक अपघातात ॲसिडनं माणसाला भाजलं होतं. माणसानं ॲसिडला भाजल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

"मग आपण शिकवतोय कुणाला, पोंक्षे?" साहेबांनी मला विचारलं. "शाळेत एक पोरगा दुसऱ्याला मारतो, तेव्हा समज कुणाला देतात? मार खाणाऱ्याला?"

मी म्हणालो, "साहेब, पण ॲसिडचा स्वभावच तो आहे."

"स्वभाव बदलायलाच प्रशिक्षण असतं. शिवाय हे कंत्राटी लोक. आज तुम्ही शिकवायचं आणि उद्या ते शेजारच्या कंपनीत. आपला पैसा, त्यांची सुरक्षितता."

मला राग आला होता, पण तेव्हा तो मी गिळला. घर माझ्या पगारावर चालतं, आणि साहेबांचं म्हणणं खोडून काढावं तर नेमकं कुठून सुरुवात करावी हेही सुचेना.

पहिली तुकडी नायट्रिक आणि सल्फ्युरिकची होती. कॉस्टिक सोड्याची तुकडी वेगळी, कारण तो आणि ॲसिड एका खोलीत बसू शकत नाहीत. ड्रम ट्रॉलीवर घालून सभागृहात आणायचं काम अनसाबाई घोडके यांच्याकडे होतं. अनसाबाई ठेकेदार उंबरजे यांच्याकडून आमच्याकडे कामाला आल्या त्याला बरीच वर्षं झाली. ड्रम तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी ड्रम लाकडी फळ्यांवर नीट मांडले, एसी लावला आणि दाराशी उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "बसा की अनसाबाई. ऐका तुम्हीपण."

उंबरजे बाहेरूनच म्हणाले, "सर, बाई यादीत नाही. तिचा चहा धरलेला नाही."

चहा ॲसिडसाठी धरलेला होता. प्रत्येक ड्रमपुढे एक कप आणि दोन बिस्किटं ठेवली गेली. ॲसिड चहा पीत नाही. आणि रसायनाजवळ ठेवलेला चहा माणसानं पिऊ नये, हा नियम मीच पूर्वी शिकवलेला. त्यामुळे तो सगळा चहा दूषित म्हणून वेगळ्या पिंपात ओतावा लागला. ओतला अनसाबाईंनीच. सकाळपासून त्यांच्या पोटात चहा नव्हता. याचा मला जो संताप आला तो मी इथे लिहून ठेवतो, कारण तेव्हा मी काही बोललो नाही.

शिकायला मात्र ॲसिड चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. सल्फ्युरिक जरा जड, उशिरा समजणारं. पण नायट्रिकचा जो निळा ड्रम पहिल्या रांगेत होता, त्याच्यासारखा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नव्हता. तो मुद्दे पुन्हा विचारून घेई. आपण वापरून संपलो तर शिकलेलं वाया जाईल, ही काळजीही त्यालाच पडली. मग असं ठरलं की त्याच्या तळाशी नेहमी थोडं जुनं ॲसिड राखायचं, म्हणजे वर ओतलेलं नवं त्याच्याकडून शिकेल. दुधाला विरजण लावतात तसं.

मी शिकवलं की धोकादायक पदार्थ सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, जमिनीपासून वर फळीवर ठेवावा. त्याला हात लावणाऱ्यानं हातमोजे आणि डोळ्यांना सुरक्षा चष्मा घातलाच पाहिजे. कंपनीनं तो एकदा घेतला की शेवटपर्यंत त्याची जबाबदारी कंपनीची. नकोसा झाला म्हणून गेटबाहेर सोडता येत नाही. आणि प्रशिक्षण घेतलेल्या कुणालाही काही असुरक्षित दिसलं, तर तो काम थांबवू शकतो. समोर साहेब असले तरी.

"साहेब असले तरी?" नायट्रिकनं विचारलं.

"असले तरी," मी म्हणालो.

दाराशी उभ्या असलेल्या अनसाबाईंनी मान वळवून आत पाहिलं.

लेखी परीक्षेत नायट्रिक पहिलं आलं. प्रात्यक्षिकात मी त्याच्यापुढे एक सुती फडकं धरलं आणि सांगितलं, याला काही करायचं नाही. नायट्रिकनं मनापासून प्रयत्न केला. फडक्याला भोक पडलं.

"सर, मी नापास आहे," ते म्हणालं.

दाभाडकर साहेबांनी भोक उजेडात धरून पाहिलं. "पूर्वीपेक्षा लहान आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना पास केलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी कामगारांचे मोजे आणि चष्मे जमा करून घेतले. ॲसिड आता प्रशिक्षित असल्यामुळे त्यांची गरज उरली नव्हती. उलट, ज्यानं कष्ट करून प्रमाणपत्र मिळवलं त्याच्यापुढे मोजे घालून जाणं हा अविश्वास ठरला असता, आणि ॲसिडचं मन दुखावलं असतं. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की हे चूक आहे, सरळसरळ चूक आहे. साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमच्या शिकवण्यावर तुमचाच विश्वास नाही?" मोजे आणि चष्मे भांडारातल्या कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली साहेबांनी स्वतःकडे ठेवली.

मग जे व्हायचं ते झालं. शिफ्ट संपता संपता निळा ड्रम पलीकडच्या शेडमध्ये हलवायचा होता. झाकण नीट बसलेलं नव्हतं. अनसाबाई म्हणाल्या, आधी झाकण बघते, कुणीतरी मोजे द्या. उंबरजे म्हणाले, "एका मिनिटाचं काम आहे. चल, घे."

ड्रम तिरका झाला आणि अनसाबाईंचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

चौकशी नियमाप्रमाणे झाली. नायट्रिकनं काहीच लपवलं नाही. "माझ्याकडून झालं," ते म्हणालं. "मला काम थांबवायचा अधिकार होता. झाकण सैल आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण सगळे घाईत होते, आणि मध्येच कसं बोलावं असं वाटलं."

साहेबांना त्याचा प्रामाणिकपणा आवडला. त्याला उजळणी वर्गाची शिफारस झाली. अनसाबाईंबद्दल चौकशीत काही आलं नाही, कारण त्या प्रशिक्षित नव्हत्या. उंबरजेंनी त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. एका हातानं ड्रम फिरत नाही.

उजळणी वर्गाच्या दिवशी अनसाबाई हाताला पट्टी बांधून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ड्रम दुसऱ्याच बाईनं आणले होते. मी पुन्हा तेच सगळं सांगत होतो, सावली, फळी, मोजे, जबाबदारी. सांगता सांगता माझाच आवाज मला सहन होईना.

"सर, एक शंका आहे," नायट्रिक म्हणालं. "मला गेटबाहेर सोडता येत नाही, असं तुम्ही शिकवलंत. मग अनसाबाईंना कसं सोडतायत?"

"कारण त्या धोकादायक नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य मी मोठ्यानं बोललो, जवळजवळ ओरडलो. "या कंपनीत जो धोकादायक नाही, त्याचं कुणी काही देणं लागत नाही. कळलं? हेच लिहून घ्या सगळ्यांनी."

दारातून अनसाबाई म्हणाल्या, "सर, मग मला बी घ्या की धोक्याच्यात."

"तसं घेता येत नाही, अनसाबाई."

"का न्हाई? त्याला कोन ठरीवतं?"

ठरवण्याची पद्धत होती. पदार्थ ॲसिडसारखा वागतो का, हे निळ्या लिटमस कागदावर पाहतात. कागद लाल झाला की तो पदार्थ यादीत जातो. मी ही पद्धत दाभाडकर साहेबांपुढे मांडली. साहेबांना हसू आलं नाही. पद्धतीत बसणाऱ्या गोष्टीला ते कधी हसत नाहीत. ते म्हणाले, "चाचणी करायला हरकत नाही. माझ्यासमोर करा."

अनसाबाईंनी डावा हात, जो भाजला नव्हता तो, पुढे केला. तळवा पिवळा पडलेला होता, बोटांची टोकं सुपारीसारखी टणक. साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी आधी तो साबणानं स्वच्छ धुतला. मग मी त्यावर निळा कागद ठेवला.

कागद लाल झाला.

साहेबांनी दुसरा कागद मागवला. तोही लाल झाला. तिसरा त्यांनी स्वतःच्या हातावर ठेवून पाहिला, तो निळाच राहिला.

"इतकी वर्षं बाई उघड्यावर फिरत होत्या," साहेब गंभीर होऊन मला म्हणाले. "लेबल नाही, काही नाही. तपासणी आली असती तर? हा हलगर्जीपणा आहे, पोंक्षे."

मी "हो साहेब" म्हणालो. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि मुख्य म्हणजे अनसाबाईंचं काम बिघडलं असतं.

लेबल त्याच दुपारी आलं. त्यावर नेहमीचं चित्र होतं, वरून थेंब पडतायत आणि खाली हात झिजतोय. अनसाबाईंनी ते जवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो हात माझाच काढलाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही. हे चित्र सगळीकडे असंच असतं."

"म्हंजी माझ्यासारख्या लई असतील," त्या म्हणाल्या, आणि ते लेबल त्यांनी पदरावर पिन लावून टाचून घेतलं.

त्यानंतर सगळं नियमाप्रमाणे झालं. अनसाबाईंची जागा सावलीत, वारा खेळेल अशा शेडमध्ये ठरली. जमिनीची ओल लागू नये म्हणून फळी दिली, त्यावर सतरंजी त्यांनी घरून आणली. नायट्रिकच्या ड्रमला थोडं पलीकडे सरकवून घेतलं, आणि त्यानं तक्रार केली नाही. उंबरजेंनी त्यांना गेटबाहेर काढायचा एक प्रयत्न केला, तेव्हा रखवालदारानं वाहतूक परवाना मागितला. आता संध्याकाळी त्यांना घरी सोडायला कंपनीची गाडी जाते, पुढेमागे धोक्याची पाटी लावून. सकाळी तीच गाडी आणते. हाताचा औषधोपचार सुरू झाला, कारण गळका माल साठवून ठेवणं गुन्हा आहे. काम त्यांना नाही. धोकादायक पदार्थाला कुणी काम सांगत नाही. पगार देखभालीच्या खात्यातून निघतो.

पुढच्या वर्गात त्या पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्यापुढे कप आला, दोन बिस्किटं आली. त्यांनी चहा प्यायला. मी आडवा आलो नाही. रसायनाजवळचा चहा माणसानं पिऊ नये असा नियम आहे, रसायनाबद्दल तो काही म्हणत नाही. परीक्षेत त्या पास झाल्या. प्रात्यक्षिकात फडक्याला भोक पडलं नाही, एवढं एकच त्यांच्या विरोधात गेलं.

मग बाकीच्या कंत्राटी बायकांनी लिटमससाठी रांग लावली. एकीचाही कागद निळा राहिला नाही. आता शेडमध्ये दोन्ही बाजूंना फळ्या आहेत आणि ड्रम फिरवायला कार्यालयातले लोक येतात. त्यांना ते नीट जमत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. यंत्रं, ट्रॉल्या, ड्रम, सगळ्यांना झेंडूच्या माळा घालून हळदकुंकू लावतात. दर वर्षी त्या माळा अनसाबाई ओवायच्या आणि पूजा होईपर्यंत शेडबाहेर थांबायच्या, पेढ्यासाठी. यंदा माळा कार्यालयातल्या लोकांनी ओवल्या. दाभाडकर साहेब ताट घेऊन एकेका वस्तूपुढे थांबत गेले. बॉयलरला झालं, ट्रॉलीला झालं. शेडजवळ आल्यावर साहेबांनी आठवणीनं मोजे चढवले. ती एक जोडी ते आता स्वतःच्या टेबलात ठेवतात. नायट्रिकच्या ड्रमला कुंकू लावायला त्यांनी बोट पुढे केलं.

झाकण जरासं सैल होतं. नायट्रिकला ते कळलं असणार, पण सणाचा दिवस, सगळे जमलेले, ते गप्प राहिलं.

"थांबा साहेब," अनसाबाई म्हणाल्या. त्या फळीवरून उठल्या नाहीत. "काम थांबवा. डोळ्याला चष्मा न्हाई तुमच्या."

साहेब हसले. "अहो, एका मिनिटाचं काम आहे, अनसाबाई."

"माझं बी एका मिनिटाचंच व्हतं," त्या म्हणाल्या.

साहेबांचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "काम थांबलंय, साहेब. बाई प्रशिक्षित आहेत."

चष्मे भांडारातल्या कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली कुठे ठेवली ते साहेबांना आठवेना. ते ताट माझ्या हातात देऊन शोधायला गेले. ती मिळेपर्यंत सगळा कारखाना बंद राहिला. आम्ही सगळे उन्हात उभे होतो. अनसाबाई सावलीत बसल्या होत्या.