अध्यक्षांची लाळ

थुंकी कोणाची घ्यायची, या एकाच विषयावर जीवरसायनशास्त्र विभागाची बैठक चहाचे दोन फेरे होईपर्यंत चालली.

विभाग तसा लहानच. विभागप्रमुख सर, धाकट्या मॅडम आणि प्रयोगशाळा सांभाळणारे मामा. विद्यार्थी याहून थोडे जास्त होते, इतकंच. त्यामुळे संस्थेच्या अध्यक्षांना परवा प्रश्न पडला होता, की एवढी ऐसपैस प्रयोगशाळा या मूठभर लोकांना हवी कशाला? तिथे छानपैकी व्यायामशाळा होईल. प्रयोगशाळा गेली की विभाग जाणार आणि विभाग गेला की पहिली कुऱ्हाड सगळ्यांत शेवटी आलेल्या मॅडमवर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सरांनी घाईघाईने ‘चला, रेणूंना भेटूया’ असा कार्यक्रम जाहीर करून टाकला. शनिवारी शाळेतली मुलं येतील, पालक येतील, अध्यक्ष येतील, विभाग किती कामाचा आहे ते बघतील आणि व्यायामशाळा विसरून जातील, अशी सरांची योजना.

प्रयोग सोपा होता. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकलं की ते शाईसारखं निळं होतं. त्यात लाळ घातली की लाळ त्या स्टार्चचे तुकडे करते आणि निळा रंग उडून जातो. पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

“लाळ अध्यक्षांचीच घ्यायची,” सरांनी निकाल दिला. “त्यांना आपलेपणा वाटेल.”

“सर, माझी घ्या ना. तपासलेली तरी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“तुमच्या लाळेने प्रयोगशाळा वाचणार आहे का?”

मामा कोपऱ्यात नळ्या धूत होते. “सरांचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “इतकी वर्षं नुसतीच झेलली. आता नळीत झेलतील.”

सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांना ते जमायचं.

शनिवार उजाडला आणि मॅडमच्या सासूबाईंची दाढ ठणकायला लागली. “अगं, मी काय मुद्दाम करते का?” गालाला हात लावून त्या म्हणाल्या. नवरा त्यांना घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि आठ महिन्यांचा टिल्लू आईच्या कडेवर बसून कॉलेजात आला. गेले काही दिवस टिल्लूला दुसरा उद्योग नव्हता. लाळ गाळायची आणि हाताला लागेल ते तोंडात घालायचं. सकाळपासूनचं हे तिसरं लाळेरं होतं आणि तेही निथळत होतं.

“हे काय?” सर दचकले.

“मुलगा आहे, सर.”

“ते दिसतंय. अध्यक्षांना दिसायला नको. मागे ठेवा.”

मॅडमनी मागच्या बाकावर चादर अंथरून टिल्लूला बसवलं, मामांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि नळ्या मांडायला वळल्या. पुन्हा पाहिलं तर टिल्लूचा उजवा गाल टम्म फुगलेला. चेहरा मात्र एखाद्या तत्त्ववेत्त्यासारखा. मॅडमनी त्याच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“काढ. तोंडात काय आहे ते काढ.”

टिल्लूने क्षणभर विचार केला आणि नळीचं रबरी बूच तळहातावर सोडलं. त्याच्यामागून लाळेची एक तार आली.

“बघता बघता उचललंन्,” मामा ओशाळून म्हणाले.

अध्यक्ष आले ते आईला घेऊन. आजींना नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि गाडीत बसून राहायला त्यांनी साफ नकार दिला होता. “मी काय सामान आहे?” असं त्या पायऱ्या चढतानाही म्हणत होत्या. पहिल्या रांगेत बसल्या, मागे वळून टिल्लूला पाहिलं आणि म्हणाल्या, “ते बाळ आणा इकडे.” मामांनी सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटले. टिल्लू आजींच्या मांडीवर गेला आणि त्यांच्या पदराचं टोक चोखू लागला.

कार्यक्रम सुरू झाला. अध्यक्ष रुमालाआड तोंड लपवून नळीत थुंकले, सरांनी ती नळी मानपत्र स्वीकारावं तशी दोन्ही हातांनी घेतली. मॅडमनी दोन नळ्यांत निळं पाणी ओतलं. एकीत नुसतं पाणी घातलं, दुसरीत अध्यक्षांची लाळ.

“आता बघा हं, मुलांनो,” सर म्हणाले. “जादू!”

मुलांनी बघितलं. पालकांनी बघितलं. जादू काही होईना. दोन्ही नळ्या जुळ्या बहिणींसारख्या निळ्याभोर. सरांनी आतड्यांची लांबी सांगितली, यकृताचं वजन सांगितलं, मग सांगायला अवयव उरेनात.

“सर, दोन्ही सारख्याच दिसतायत,” दोन वेण्यांची एक मुलगी उठून म्हणाली. “म्हणजे काकांच्या तोंडात नुसतं पाणीच आहे का?”

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू व्यायामशाळेसारखा दिसू लागला.

सर मॅडमच्या कानाशी आले. “काहीतरी करा!”

“काय करू? लाळ त्यांची आहे.”

सरांची नजर सैरभैर फिरली आणि टिल्लूच्या लाळेऱ्यावर येऊन थांबली. मॅडमना कळलं. “सर, नाही हं. तो खोटा निकाल होईल.”

“खोटा कसा? लाळ खरीच आहे ना!”

आणि ज्या सरांना सकाळी टिल्लू नजरेसमोरही नको होता, ते नळी हातात धरून पहिल्या रांगेत गेले. “अले अले, कोन आहे हे?” म्हणत वाकले. आजी चष्मा पुसत होत्या. सरांनी लाळेरं मुठीत धरून नळीत चांगलं पिळलं आणि नळी हलवत मंचावर परतले.

निळा रंग बघता बघता फिका झाला, मग पार गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी मान खाली घातली. याच टेबलापाशी उभं राहून त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, की प्रयोग फसला तर फसला म्हणून लिहा.

अध्यक्ष खुलले. “लहानपणापासून माझं पचन असंच आहे,” ते मुलांना सांगू लागले. “दगड खाल्ला तरी पचेल!” सरांनी हसून मान डोलावली. इथवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अध्यक्ष म्हणाले, “मागच्या मुलांना नीट दिसलं नसेल. पुन्हा दाखवू या!” आणि रुमाल काढून तयार झाले.

सरांनी टिल्लूकडे पाहिलं. लाळेरं कोरडं ठाक होतं आणि टिल्लू आजींच्या खांद्यावर ढाराढूर झोपला होता.

दुसऱ्यांदा लाळ पडली. निळा रंग जागचा हलला नाही.

“आता का नाही होत?” वेण्यांची मुलगी पुन्हा उभी. “मघाशी झालं, आता नाही. मग खरं कुठलं?”

सर म्हणाले, “हवामान.” कोणी हसलं नाही. मुलगी मॅडमकडे बघत होती. मॅडमनी एकदा प्रयोगशाळेवर नजर फिरवली. खिडकीतलं ऊन, मामांनी घासून लख्ख केलेल्या नळ्या, स्वतःचं टेबल. जायचं तर जाईल, त्यांच्या मनात आलं, पण या पोरीला खोटं सांगून राहायचं कसं?

“खरं हे दुसरं,” त्या म्हणाल्या. “मघाशी नळीत माझ्या मुलाची लाळ पडली होती. लाळेऱ्यातली.”

 सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

“म्हणजे माझी लाळ वाईट आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“वाईट नाही, साहेब. तोंडात काही आंबट असलं की लाळेचं काम अडतं. तुम्ही आंबट काही—”

“मी? काही नाही! चहासुद्धा घेतला नाही सकाळपासून.” हे बोलताना शब्द जरा डाव्या गालाला वळसा घालून येत होते.

आजींनी झोपलेलं बाळ मामांकडे दिलं. काठी टेकत मंचापर्यंत आल्या आणि लेकाच्या हनुवटीखाली तळहात धरला.

“काढ. तोंडात काय आहे ते काढ.”

“आई, लोक बसलेत.”

“लोकांनाही दिसतोय गाल. काढ.”

ज्यांच्यासमोर प्राचार्यसुद्धा उभे राहून बोलायचे, त्या अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि लिंबाची गोळी आईच्या तळहातावर सोडली.

“दिवसभर हेच चघळत असतोस?”

“अगं, सिगारेट सोडल्यापासून सवय लागली...”

“सोडल्यापासून?” आजी म्हणाल्या. “म्हणजे ओढत होतास?”

अध्यक्षांना दगड पचला असता, हे वाक्य पचेना. मुलं खो-खो हसत सुटली, आणि मग पालकही. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांचे खांदेही हलत होते.

“जा, चूळ भरून ये,” आजींनी फर्मावलं. “नीट भर. आणि या बाईंना पुन्हा करू दे.”

अध्यक्ष चूळ भरून आले. निमूटपणे थुंकले, या वेळी रुमालही घेतला नाही. सगळी मुलं टेबलाभोवती गोळा झाली. आणि निळा रंग हळूहळू, कुणालाही न फसवता, उडून गेला. वेण्यांची मुलगी एवढंच म्हणाली, “झालं!” मॅडमना ती दाद टाळ्यांपेक्षा मोठी वाटली.

जाताना अध्यक्ष दारात थांबले. “व्यायामशाळेचं बघू नंतर,” ते पुटपुटले.

“नंतर कशाला? नाहीच,” आजी म्हणाल्या. “इथे पोरांना खरं शिकवतात. तू चल, मला गाडीत तुझ्याशी बोलायचंय.” अध्यक्ष गेले, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची जराही घाई नसल्यासारखे.

सर टेबलापाशी रेंगाळले. “मॅडम,” ते म्हणाले, “टिल्लूला आणत चला अधूनमधून.”

तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाईंची दाढ एकदाची काढली होती. मॅडमनी टिल्लूला कडेवर घेतलं, तर जागा होऊन तो पुन्हा काहीतरी चावत होता.

“काढ. तोंडात काय आहे ते काढ.”

टिल्लू हसला. काढलं काही नाही. मॅडमनी बोट घालून चाचपलं. खालच्या हिरडीवर काहीतरी टणक लागलं, तांदळाच्या कणीएवढं. त्यांनी ते नखाने उचलून पाहिलं. निघेना. पुन्हा पाहिलं, आणि टिल्लूने बोटाला कडकडून चावा घेतला.

“आई गं!”

“काय गिळलंन्?” मामा धावत आले.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. “काही नाही, मामा,” त्या म्हणाल्या. “हे काढायचं नाहीये.”