घरात एकशे सात

यंदाच्या उन्हाळ्यात मी ठरवलं, की आता शांत राहायचं. एवढंच ठरवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

ठरवायला कारण होतं. गेल्या वर्षी पेपरात प्लेगची बातमी वाचून मी बिऱ्हाड होटगीच्या वाटेला माळावर हलवलं होतं. घरात उंदीर पडला होता हे खरं; पण तो मांजरानं मारला होता आणि मांजर शेजारीच बसलं होतं. (पेपरात मांजराचा उल्लेख नव्हता.) सगळी गल्ली आपापल्या घरात सुखानं निजत होती आणि आम्ही तिघं झोपडीत विंचू मारत पंधरा दिवस काढले. परत आल्यावर आमच्या कुटुंबानं, म्हणजे कस्तुरानं, मला सिद्धरामेश्वराची शपथ घातली. "पेपर वाचायचा तर वाचा. पन पेपर वाचून घर हलवायचं न्हाय."

तसा मी भित्रा नाही. पण आमच्या लेकीच्या, रंभीच्या आधीचा मुलगा दोन दिवसांच्या तापानं गेला. तेव्हापासून रंभी शिंकली तरी मला तो आठवतो. कस्तुरालाही आठवत असणार, पण ती बोलत नाही, कामाला लागते. मी पेपर वाचतो.

मे महिन्यात आमच्या साप्ताहिकात लेख आला, 'बालकांचा घातक ज्वर : आईबापांनो, सावध'. लक्षणं दिली होती. मूल दुपारी जेवत नाही, तोंड लाल होतं, सारखं पाणी मागतं, अंगावर कपडा ठेवत नाही. मी रंभीकडे पाहिलं. चारही होती. (मे महिन्यात सोलापुरात ती कलेक्टरसाहेबांनाही असतील, हे तेव्हा सुचलं नाही.) पुढं लिहिलं होतं, ताप एकशे पाचावर गेला की आशा सोडावी, रोग तासाभरात एकाचा दुसऱ्याला लागतो, रोग्याला वारा लागू देऊ नये, आणि शहाण्या माणसानं उगाच घाबरण्यापेक्षा घरी थर्मामीटर ठेवावा. लेखाच्या खालीच नव्या पेठेतल्या एका दुकानाची थर्मामीटरची जाहिरात होती. केवढी सोय, असं मला वाटलं.

शनिवारी गिरणीच्या हपिसातून येताना मी तो घेतला. दुकानदार वापरायची रीत सांगत होता, मी मान हलवत होतो. (साहेब बोलू लागला की मान हलवायची आणि अर्थ मागाहून हेडक्लार्कला विचारायचा, ही माझी अकरा वर्षांची सवय. दुकानात हेडक्लार्क नव्हता.) घरी आल्यावर रंभीचा हात पोहोचू नये म्हणून तो मी पडवीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याला लागून ठेवला. मन एकदम शांत झालं.

रविवारी भर दुपारी कस्तुरा आणि शेजारच्या विणकराची बायको रत्नम्मा अंगणात बाजेवरच्या कुरडया उलटत होत्या. रंभीनं ताट सरकवलं आणि तिसऱ्यांदा पाणी मागितलं. मी अजिबात घाबरलो नाही. उठलो, फळीवरून थर्मामीटर काढला, तिच्या काखेत धरला आणि घड्याळात बघून तीन मिनिटांनी उजेडाला नेला.

एकशे सात.

मी खालीच बसलो. रंभी समोर सागरगोटे खेळत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं पाच वर्षांपूर्वीची ती दुसरी रात्र उभी राहिली. कसाबसा अंगणात गेलो आणि कस्तुराला आत बोलावलं.

तिनं हाताची पालथी बाजू रंभीच्या मानेला लावली. "गार हाय की वो."

"हातानं कळत नसतं."

"मग आजवर कशानं कळत हुतं?"

मी नळी धुऊन कस्तुराच्या जिभेखाली दिली. एकशे सात. स्वतःच्या जिभेखाली धरली. एकशे सात. आणि खरं सांगतो, आकडा दिसताक्षणी मला हुडहुडी भरली. रत्नम्मा काय चाललंय ते बघायला दारात आली होती, तिलाही सोडलं नाही. एकशे सात. ना एक रेघ वर, ना एक रेघ खाली. रोग मोठा शिस्तीचा होता.

"तासाभरात चौघं," मी म्हणालो. "लेखात लिहिलंय तसंच."

कस्तुरानं विचारलं, "आवं, सकाळधरनं मी चीक घोटून कुरडया घातल्या. एकशे सात ताप आसल्यावर कुरडया घालता येत्यात व्हय?"

"ताप फार वाढला की माणसाला आपण बरे आहोत असं वाटतं."

"आनि तुमाला काय वाटतंय?"

"मला वाटतंय मी मरतोय."

"मग तुमी बरं आसाल," ती म्हणाली. पण एवढं बोलून तिनं रंभीच्या मानेला पुन्हा हात लावला. या वेळी हात जरा जास्त वेळ राहिला. रत्नम्मा हळूच म्हणाली, "बाई, नळी काचेची हाय. काच खोटं कशाला बोलंल? जावा तुमी डाक्टरकडं."

मी टोपीसुद्धा न घालता धावत सुटलो आणि नाक्यावरून शेखलालचा टांगा आणला. रंभीला वारा लागू नये म्हणून घोंगडीत गुंडाळलं. कस्तुरा म्हणाली, या उन्हात घोंगडी कशाला. मी लेखाचं नाव घेतलं. मुलाच्या वेळी आम्ही डॉक्टरकडं उशिरा गेलो होतो. ती टांग्यात चढली.

टांगा निघाला. शेखलालनं वळून विचारलं, "सायब, पोरीला काय हुया?"

"एकशे सात. घरात चौघांना."

त्यानं घोड्याला चाबूक मारला. (आमच्यापासून लवकर सुटका व्हावी म्हणून, हे मागाहून कळलं.) रस्ता तव्यासारखा तापला होता. पहिल्यांदा रंभी घोंगडीतून कुरकुरत होती. मग कुरकूर थांबली. मी घोंगडीचं टोक बाजूला केलं. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही. पेपर, आकडे, लक्षणं सगळं डोक्यातून गेलं. "कस्तुरे, बघ गं हिला," एवढंच म्हणालो.

कस्तुरानं एका झटक्यात घोंगडी ओढून रस्त्यावर फेकली, शेखलालची पाण्याची चरवी उचलली आणि पोरीच्या डोक्यावर ओतली. रंभीनं दचकून डोळे उघडले, ओठांवरचं पाणी चाटलं आणि म्हणाली, "आजून."

आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टर वयस्क आणि सावकाश होते. त्यांनी रंभीला तपासलं, आपला थर्मामीटर लावला आणि म्हणाले, "ताप नाही. उन्हात घोंगडीत कोंडलीत म्हणून मलूल झाली. अजून थोडा वेळ कोंडली असतीत, तर मात्र मला काही सांगता आलं नसतं."

मी माझा थर्मामीटर पुढं केला. "पण हा एकशे सात दाखवतो."

त्यांनी तो बघितला. "लावण्याआधी झटकला होता?"

"झटकायचा असतो?"

"पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. ठेवला कुठं होता?"

"पडवीत. पत्र्याखाली."

"मग तुम्ही पत्र्याचा ताप घेतलात," डॉक्टर म्हणाले. "पत्र्याला या दिवसांत तेवढा असतोच."

कस्तुरा माझ्याकडं बघत नव्हती. ओल्या रंभीला छातीशी घट्ट धरून ती भिंतीकडं बघत होती आणि डोळे पुसत होती. ती हसत असती तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी थर्मामीटर झटकून माझ्या जिभेखाली ठेवला. एकशे दोन. भर उन्हात बोडक्यानं पळाल्याचा परिणाम. चौघांत खरा ताप एकालाच होता.

आठवडाभर मी समोरच्या गार खोलीत पडून होतो. तळपायांना कांदा चोळला जात होता, पन्हं मिळत होतं. कस्तुरा दोन दिवसांनी बोलू लागली. रंभी अधूनमधून येऊन माझ्या मानेला हात लावून "गार हाय" असं सांगून जायची. शनिवारी साप्ताहिक आलं. मी ठरवलं होतं की आता शांतपणे वाचायचं. पहिल्याच पानावर बातमी होती आणि ती वाचून मी ताडकन उठून बसलो.

"कस्तुरे, ट्रंक काढ. आपल्याच पेठेत नवा ज्वर आलाय. एका घरात तासाभरात चौघांना एकशे सात. एक लहान मुलगी, एक शेजारीण. बातमीदाराला टांग्याच्या नाक्यावर खात्रीलायक समजलंय. शपथ राहू दे, झोपडी बांधू."

ती चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "फुडं वाचा."

"'कुटुंबप्रमुख गिरणीत कारकून असून सुशिक्षित व विचारी गृहस्थ आहेत...'" इथं माझा आवाज जरा खाली आला. "अगं, हे बहुतेक आपलंच घर."

"सुशिक्षित, इचारी म्हनलंय न्हवं?" कस्तुरा भाकरी उलटत म्हणाली. "मग दुसऱ्या कुनाचं तरी आसंल. पडा गुमान."