नातीच्या हळदीचं जातं

गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदार हसतो. आमचे शेजारी नामदेवतात्या कपाळाला आठ्या घालतात. कामथडीत रस्त्याकडेच्या त्यांच्या अंगणात पाच-सहा दगडी जाती मांडलेली असतात, आणि त्यातलं एखादं विकत घ्यायचं तर आधी तात्यांच्या परीक्षेत पास व्हावं लागतं.

"दळनार काय?"

पुण्याच्या गाडीतून उतरलेली बाई सांगते, "दळायचं नाही हो. बागेत ठेवायचंय, वर मनीप्लांट."

"मंग कुंडी घ्या. माघारी जाताना शिवऱ्याला मिळत्यात." एवढं बोलून तात्या टाकी-हातोडी उचलतात. मुलाखत संपली.

माझ्यादेखत त्यांनी निम्मं पुणं असं परत पाठवलंय. मी मराठीचा निवृत्त मास्तर, समजावायची खोड जात नाही. "तात्या, घरोघरी मिक्सर आलेत, आता कोण दळणार?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मिक्सर दळत न्हाई गुर्जी, नुसता वरडतो."

तात्या पाथरवट, बापजाद्यांपासूनचे. दारोदार जात्यांना टाकी लावत त्यांनी भोर-वेल्ह्याचा सगळा मुलूख पायी पालथा घातला. आता कुणी बोलवत नाही. ज्या खाणीतून ते दगड आणायचे तिथं क्रशर बसलाय, डोंगराची खडी करतोय. बायको गेली, मुलगी भोंगवलीला दिलेली. घरात तात्या एकटे.

दगड निवडताना मात्र ते नवरदेवाच्या मामासारखे अडून बसत. हातोडीनं ठोकायचं आणि कान लावायचा. खणखणीत वाजला तर दगड चांगला. आवाज बद्द आला तर आत चीर. "बोलला तरच घ्यायचा. मुक्या दगडाला हात लावायचा न्हाई," असं ते मला शंभरदा तरी सांगून चुकलेत.

गेल्या वर्षी तात्यांच्या नातीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाची हळद जात्यावर दळतात, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधून. हल्ली पाकीट फोडतात आणि जात्याची नुसती पूजा करतात. "माज्या नातीची हळद पाकिटातली न्हाई," तात्यांनी जाहीर केलं. टेम्पो करून क्रशरच्या ढिगातून दगड निवडून आणला. महिनाभर टाकीचा आवाज थांबला नाही, माझी दुपारची झोप गेली.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. जातं होत आलं होतं. कडेनं नाजूक वेलबुट्टी कोरली होती. असले लाड त्यांनी दुसऱ्या कुठल्या जात्याचे केले नव्हते. "ऐका आता," म्हणत त्यांनी वरच्या दगडावर हातोडी मारली.

आवाज बद्द आला. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळला. तात्यांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळलेला. जन्मभर पोरांच्या चुकांवर तांबड्या रेघा मारणारा मी, म्हणालो, "छान वाजतोय."

खुंट्याचं भोक पाडताना दगडाचे दोन तुकडे झाले. हळदीला चार दिवस उरले होते. नातीला पाकिटातलीच हळद लागली आणि तात्या मांडवाच्या कडेला बसून राहिले.

लग्न उरकल्यावर त्यांनी मला गाठलं. "गुर्जी, त्या दिशी तुमाला कळलं व्हतं न्हवं?"

"हो."

"मंग बोलला का न्हाई?"

तात्याच म्हणाले, "म्या तरी कुटं बोललो? दोन वर्सं झाली. मानसांचं ऐकू येतं, दगडाचंच येईना. म्हनलं, सवयीनं जमंल."

मला माझी लाज वाटली, आणि त्याहून त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

आता संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात जातो. नवा दगड नसतोच. ते आपल्याच जुन्या जात्यांवर हातोडी मारतात आणि मी ऐकून सांगायचं. "बोलतोय," मी सांगतो, आणि आता खरं तेच सांगतो. पण तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. "कसा बोलतोय?" विचारतात. तीस वर्षं मराठी शिकवली, पण त्या आवाजाला शब्द सापडत नाही. परवा म्हणालो, "घंटेसारखा."

"घंटा आतनं पोकळ असती, गुर्जी."

मग त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि आपला तळवा दगडावर पसरून ठेवला. "तुमी मारा. हाताला कळतंय का बगू."

मी मारली. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

मग म्हणाले, "आनि एकदा."