मढी कामावर जातात

"सिनेमाला पैसा लागतो ही अफवा आहे," फोकस म्हणाला. "ज्यांना सिनेमा काढता येत नाही, त्यांनी ती उठवलेली आहे."

फोकस हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि पंगतीत बसलेल्या पाहुण्यांनाही "जरा घास हातातच ठेवा, फोकस जातोय" म्हणून ताटकळत ठेवायचा. त्यामुळे हे नाव इतकं चिकटलं, की त्याच्या आत्यालाही खरं नाव सांगताना जरा थांबावं लागे. जन्मभर त्याने इतरांची लग्नं टिपली. डोक्यात मात्र कायम एकच वेड होतं, आपला स्वतःचा सिनेमा! आणि शहरातल्या फिल्म क्लबने भयपटांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा तर त्याला रात्रभर झोप लागेना. त्याने झॉम्बीचा सिनेमा काढायचं ठरवलं.

"झॉम्बी म्हणजे काय रे?" आत्याने विचारलं. ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची आणि घरी आल्यावर प्रश्न विचारायची हौस भागवून घ्यायची.

"मेलेला माणूस उठतो आणि चालायला लागतो."

"बरं. आणि मी काय करायचं?"

"तेच."

आत्याला भूमिका आवडली. पाठांतर नव्हतं, शिवाय चालणं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

दुसरं मढं म्हणून फोकसची नजर दादावर होती. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, विमा कचेरीत कामाला. दादाच्या चेहऱ्यावर भाव उमटल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या लग्नाचा व्हिडिओ फोकसनेच काढला होता आणि त्यात नवरा कोणता, हे लोक अजून विचारतात. असा चेहरा मेकअपने घडवायचा म्हटला तर किती खर्च येईल! दादाने आधी मान हलवली नाही, मग अर्धी हलवली.

"रविवारी संध्याकाळपर्यंत मला मोकळं करायचं," तो म्हणाला. "सोमवारी शाखाप्रमुखाच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. ही संधी परत यायची नाही."

"दुपारीच सोडतो तुला," फोकस म्हणाला आणि त्या क्षणी तो अगदी मनापासून बोलत होता.

फोकसची बायको पार्लर चालवायची. आजवर तिने लोकांना दहा-दहा वर्षांनी तरुण केलं होतं. आता उलट दिशेने काम करायला मिळणार म्हणून ती नुसती फुलून गेली होती. नाटकवाल्यांकडे मिळतो तो चेहऱ्याचा खास रंग तिने आणायला सांगितला. फोकस दुकानात गेला, त्याने किंमत ऐकली आणि तो शेजारच्या दुकानात शिरला. घरी येऊन त्याने कोल्ड क्रीमच्या बरणीत काहीतरी कालवलं आणि बरणी बायकोपुढे ठेवली. हिरवट, राखाडी, बुरशी आल्यासारखा अप्रतिम रंग! बायको खूश झाली. रंग जेमतेम दोन चेहऱ्यांना पुरला, तेव्हा तो जवळून दिसणाऱ्या दादाला आणि आत्याला लागला. इमारतीतले बाकीचे शेजारी लांबून दिसणार होते, त्यांची पावडरवर बोळवण झाली.

शूटिंग एका मित्राच्या फर्निचरच्या गोदामात होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांमागून मढी उठतात आणि नायिकेला घेरतात, असा प्रसंग. नायिका अर्थातच फोकसची बायको, कारण ती फुकट होती.

"अ‍ॅक्शन!"

मढी उठली. आत्या हात पुढे करून, डोळे पांढरे करून अशी काही सरकत आली की शेजाऱ्यांच्या अंगावर काटा आला. मग ती नायिकेला म्हणाली, "अगं जपून, मागे पायरी आहे."

"आत्या, मढी बोलत नाहीत."

"आणि ती पडली असती म्हणजे?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता दादाने नायिकेच्या खांद्याला चावायचं होतं. तो जवळ गेला, वाकला आणि तसाच सरळ उभा राहिला.

"काय झालं?"

"धाकट्या भावजयीला चावणं बरं दिसत नाही."

"दादा, तू मेलेला आहेस."

"मेलो म्हणून काय झालं? नातं आहेच ना."

फोकसने खूप समजावलं. शेवटी तडजोड म्हणून दादा सोफ्याच्या हाताला चावला. चावला मात्र मनापासून.

संध्याकाळी सगळे तोंड धुवायला बसले. शेजाऱ्यांची पावडर गेली. दादाने साबण लावला. आत्याने तेल चोळलं. मग दोघांनी लिंबू, दही आणि पार्लरमधली एकूण एक बाटली लावून पाहिली. क्रीम निघालं, मळ निघाला, आत्याची जुनी वांगाची खूणसुद्धा फिकी झाली. हिरवा रंग तेवढा तसाच राहिला आणि आता तो स्वच्छ दिसू लागला.

"अहो, काय कालवलंत त्यात?" बायकोने विचारलं.

"थोडा कापडाचा रंग."

"कुठला?"

"पक्का," फोकस म्हणाला. दुकानदाराने खात्री दिल्याचं त्याने पुढे सांगितलं नाही.

आत्या आरशात बघून हसायला लागली. दादा हसला नाही, ओरडला नाही, काहीच बोलला नाही. फोकसला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. लहानपणी त्याने दादाचा पतंग फाडला होता तेव्हाही दादा असाच गप्प बसला होता.

"कधी जाईल हा?" दादाने अखेर विचारलं.

"हळूहळू जाईल, भाऊजी," बायको म्हणाली. "चेहरा रोज धुतो ना आपण."

सकाळी दादाने पांढरा शर्ट घातला, वरचं बटण लावलं, केस चोपून बसवले आणि हिरव्या तोंडाने कचेरीची वाट धरली. फोकसला राहवेना. साहेबांच्या पाया पडू, सगळा दोष आपला आहे म्हणून सांगू, असं ठरवून तो मागोमाग निघाला. सवयीने कॅमेरा गळ्यात होताच.

कचेरीच्या दारात पहारेकऱ्याने दादाला नमस्कार केला. लिफ्टमध्ये शेजारचे गृहस्थ आपल्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. टेबलाशी एक सहकारी आला, त्याने दादाच्या तोंडासमोर फाइल धरली आणि विचारलं, "काय, झोप झाली नाही वाटतं?" उत्तराला न थांबता तो गेलाही. दादा मेलेल्या माणसासारखा दिसत होता आणि अख्ख्या मजल्यावर कुणाची मान वर होत नव्हती!

फोकस बाकावर बसून बघत राहिला आणि साहेबांच्या पाया पडायचं विसरूनच गेला. त्याने कॅमेरा सुरू केला.

"जाहिरातीचं शूटिंग का?" स्वागतकक्षातल्या बाईंनी संगणकातून डोकं न काढता विचारलं. फोकसने हूं केलं. काम झालं.

मुलाखत काचेच्या केबिनमध्ये होती. साहेब फोनवर बोट फिरवत प्रश्न विचारत होते, दादा उत्तरं देत होता आणि उन्हाची तिरीप त्याच्या हिरव्या गालावर पडली होती. फोकसने आजवर हजारभर नवरदेव टिपले असतील, पण असा प्रकाश त्याला कधी लाभला नव्हता. दादा बाहेर आला.

"काय झालं?" फोकसने दबक्या आवाजात विचारलं.

"मिळाली जागा."

"आणि रंगाबद्दल?"

"काही नाही. माझ्या चेहऱ्यावर जबाबदारी दिसते म्हणाले."

फोकस तिथून जो सुटला तो थेट बसस्टँडवर. आत्या खिडकीत बसलेली होती. काचेला वाटीएवढं भोक, त्यातून तोंडं येत होती, विचारत होती, जात होती.

"गाडी लागली का?"

"लागली."

"कुठे?"

"तिसऱ्या फलाटावर."

भोकापलीकडे एक हिरवीगार बाई बसली आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. फोकस खांबाआड उभा राहून टिपत राहिला. सुरुवातीला आत्याला मजा वाटत होती. ती मुद्दाम भोकाजवळ तोंड नेई, डोळे पांढरे करी. दुपारनंतर मात्र तिने ते सोडून दिलं. सुट्टी झाल्यावर ती फोकसबरोबर चालत घरी निघाली.

"इतकी वर्षं बसतेय त्या खिडकीत," ती म्हणाली. "मला वाटायचं, लोक मला ओळखतात. आज कळलं, ते भोकाला ओळखतात."

फोकसने जे डोक्यात होतं तेच सांगून टाकलं. गोदाम विसर, चावाचावी विसर. मेलेली माणसं उठतात, डबा घेतात आणि कामावर जातात. कुणालाच पत्ता लागत नाही. एवढाच सिनेमा. बोलता बोलता तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

"कर," आत्या म्हणाली. "पण मला नीट दाखव. सगळी दिसले पाहिजे मी."

त्यानंतरचा आठवडा घरात नुसती धांदल होती. रंग रोज थोडा थोडा उतरत होता आणि फोकस दोघांच्या मागे लागून म्हणत होता, "आज तोंड धुऊ नका, फार तर पाणी मारा." दादा मुळीच तयार नव्हता. आपण मढं होऊन मुलाखत दिली हे गावाला सांगायची त्याला हौस नव्हती. आत्याने त्याला एका बाजूला नेलं, काय सांगितलं कोण जाणे, पण दादा येऊन म्हणाला, "कर तुझं शूटिंग. माझं नाव घालू नकोस." उरलेल्या दिवसांत तो घरातून निघताना कॅमेऱ्यासमोर क्षणभर थांबायलाही लागला.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं, कारण उत्साहाच्या भरात फोकसने ओळखीच्या झाडून सगळ्यांना बोलावलं होतं. त्यात दादाचे साहेबही होते, हे दादाला त्यांच्या शेजारी बसल्यावर कळलं.

सिनेमा संपला आणि परीक्षक बाई उठल्या. त्यांचा दरारा मोठा होता. त्यांनी एकदा बलस्थानं आणि उणिवा सांगितल्यावर एका दिग्दर्शकाने गाद्यांचं दुकान टाकलं, असं ऐकिवात होतं.

"उणिवा आधी घेते," बाई म्हणाल्या. "आवाज. सगळी पात्रं विहिरीत बसून बोलतात. छायाचित्रकाराची सावली ठिकठिकाणी दिसते. एका ठिकाणी ती डोकं खाजवते. सुरुवातीचा गोदामातला प्रसंग तर कशासाठी ठेवलाय? मी कशाला घाबरायचं, सोफ्याला?"

फोकस खुर्चीत खाली सरकला. तोच प्रसंग त्याने सर्वात जीव ओतून संकलित केला होता. फेकवत नव्हता म्हणून ठेवला होता.

"आता बलस्थानं. यांच्या मढ्यांचा रंग प्रत्येक दृश्यात थोडा उतरत जातो. जणू माणसं हळूहळू परत जिवंत होतायत, पण तेही कुणाला कळत नाही. इतका बारकाईने केलेला विचार मी फार दिवसांनी पाहिला."

फोकस पुन्हा वर सरकला. बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याने छताकडे बघितलं.

"आणि ती खिडकीतली बाई," परीक्षक बाई म्हणाल्या. "मी त्याच बसस्टँडवरून ये-जा करते. मी त्या भोकातून कितीदा विचारलं असेल. आत कोण बसतं ते मला सांगता येणार नाही. मला आज खरंच भीती वाटली."

आत्याने ओढणी सारखी केली आणि ताठ बसली. मागच्या रांगेतले लोक वाकून वाकून तिच्याकडे बघत होते आणि ती सगळ्यांना बघू देत होती.

तेवढ्यात साहेब दादाकडे झुकले. "आपल्याच ऑफिसात शूटिंग केलंय की हो. आणि तो मुलाखतीतला मढ्याचा नट कोण? काय सुंदर काम केलंय."

दादाची जागा, दादाचा पगार, दादाचं सगळं आता त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये लोंबकळत होतं.

"मी आहे तो, साहेब," दादा म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही? पण तुम्ही तर नेहमी असेच दिसता."

आणि दादा हसला. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो चक्क मोठ्याने हसायला लागला. साहेबही ओशाळे होऊन हसले आणि त्यांनी फोन खिशात ठेवला. फोकस बघतच राहिला. दादाच्या चेहऱ्यावर एवढा भाव, आणि कॅमेरा नेमका घरी!

मग निकाल जाहीर झाला.

"भयपट विभागात या वर्षी पहिलं बक्षीस," परीक्षक बाई म्हणाल्या, "कुणालाही नाही."

फोकसचं तोंड पडलं. बायकोने त्याचा हात धरला.

"मात्र नियमात नसलेलं एक बक्षीस आम्ही देत आहोत. उत्कृष्ट माहितीपट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याने फोकसला कोपराने ढोसलं. "जा रे, आपणच आहोत."

"अगं पण हा माहितीपट नाहीये," फोकस कळवळून म्हणाला.

"आधी घेऊन तर ये."

तो व्यासपीठावर गेला. बाईंनी त्याच्या हातात ढाल ठेवली, हात घट्ट धरला आणि ध्वनिक्षेपकात विचारलं, "अहो, इतकी जिवंत मढी तुम्हाला सापडली तरी कुठे?"

फोकसने हिरव्या रंगाचं सगळं रामायण सांगायला तोंड उघडलं. मग समोर बसलेल्या दादाकडे आणि आत्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"घरातलीच आहेत," तो म्हणाला.