भट्टीचा थाळीनाद

नाशकात रॉकमधलं कोणाला कळत असेल, तर ते मला! ‘भट्टी’ हा एकलहऱ्याच्या पोरांचा रॉक बँड, आणि त्याच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष मी, नवनाथ. बँडपायी आठ वर्षं वाढवलेले केस कमरेला टेकले होते. आई म्हणायची, “माझ्या लग्नात माझीसुद्धा वेणी एवढी नव्हती!”

आणि गेल्या महिन्यात भट्टीच्या फैजानने नवं गाणं काढलं. किंकाळी नाही, आदळआपट नाही. गुळगुळीत पॉप! गाण्यात चक्क एक मुलगी आणि तिची स्कूटी!

मी तडक फोन लावला. “फैजान, हे काय रे?”

“भाऊ, चेंज पाहिजे ना यार! रविवारी मिसळीच्या हॉटेलात, लॉनवर वाजवतोय. लोकांना नाही आवडलं तर परत जुनंच, बस?”

“बस! आणि आवडलं तर मी टक्कल करीन!”

रविवारी आम्ही अकरा चाहते काळे टीशर्ट घालून पुढच्याच टेबलांवर. योजना साधी होती: गाणं सुरू झालं की थाळीनाद आंदोलन! थाळ्या समोर होत्याच.

“भाऊ, आधी खाऊन घ्यायचं का?” आमची सेक्रेटरी रुखसार म्हणाली. निषेध उपाशीपोटी होत नाही, म्हणून दोन-दोन पाव जास्तीचे मागवले.

गाणं सुरू झालं. “ठोका!” मी ओरडलो. अकरा चमचे अकरा थाळ्यांवर पडले. फैजानचा चेहरा उतरला. जिंकलो!

पण मागे ड्रमवरचा फराज हसायला लागला. आठ वर्षं आम्ही त्याच्याच ठेक्यावर माना हलवल्या होत्या. आता थाळ्यांवरही आमचे हात तो ठेका सोडायलाच तयार नाहीत!

“बेताल वाजवा रे!”

“जमतच नाहीये भाऊ!” रुखसार रडकुंडीला आली.

शेजारच्या टेबलाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी चमचे उचलले. मग सगळ्या लॉनने. मिसळ खायला आलेली माझी आई पदर खोचून नाचायला लागली! गाणं तीनदा वाजलं. खरं सांगतो, माझाही ऊर भरून आला. भट्टीला आजवर आम्ही अकराच तर होतो!

फैजानने खाली उडी मारून मला मिठी मारली. “भाऊ, तुम्ही नसते तर आज वाट लागली होती!”

“अरे, मग आम्ही कशाला आहोत!” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी टक्कल करून सलूनमधून बाहेर पडलो, तर शेजारचे केरूकाका सायकलवरून उतरले. माझा खांदा धरून हळूच म्हणाले, “कोण गेलं रे घरातलं?”

गेलं होतं रॉक, पण ते काकांना कसं सांगणार? मी मान खाली घातली, चेहरा शक्य तितका दुःखी केला. पण मेली बोटं! ती काकांच्या सायकलच्या घंटीवर स्कूटीचंच गाणं वाजवत होती!