दुरुस्तीसकट पास

राजय्याकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्यादेखत एका सुगरणीला नापास केलं. कंबर तलावाकाठच्या बाभळीवर तिचं घरटं लोंबत होतं. काकांनी मोबाइल वर धरला, फोटो काढला, तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि मान हलवली. "काठ सुटलाय की. फेल."

मी डॉक्टरांच्या धाकाने चालायला लागलेला माणूस. मला वाटलं, म्हातारा पाखरांशी भांडतोय. मग कळलं, काकांनी उभी हयात चादरीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. मागावरून उतरलेली प्रत्येक चादर त्यांच्या बोटांखालून जायची. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी जातात, ह्यांनी 'पास'चा रबरी शिक्का मागून घेतला. तो शाईच्या डबीसकट कायम शर्टाच्या खिशात. धागे मोजायचं पितळी भिंग त्यांनी रबर लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवलं होतं.

त्या भिंगातून काकांनी अख्खं वर्ष नापास केलं. पावसाळ्यात चतुराचे पंख: "चारी पंखांची डिझाइन जुळत न्हाय." उन्हाळ्यात पिंपळाचं जाळीदार पान: "वीण लई झ्याक, पर कोपरा गेलाय. फेल." शिंपी पक्ष्याने पानं टाचून केलेल्या घरट्याकडे तर त्यांनी नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "शिलाई आपलं खातं न्हाय."

फोटो छापून आणायचे, वहीत चिकटवायचे आणि शेजारी पेनाने निकाल लिहायचा. शिक्क्याला काम मिळालंच नाही. तरी शाई वाळू नये म्हणून ते डबीत रोज दोन थेंब टाकायचे.

थंडीत काका एक जुनी तपकिरी चादर पांघरून येत. तिच्यावरच्या एका मोराचा पाय वाकडा होता. मी एकदा डिवचलंच, "काका, जगाला नापास करता आणि स्वतः हे काय पांघरता?"

"ती बी फेलच हाय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. त्या दिवशी मला फार जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

शेवटी मी तलावावर रोज फिरायला येणाऱ्यांसमोर जाहीर केलं की, काकांनी एक जरी गोष्ट पास केली, तर सगळ्यांचा चहा माझ्याकडे. अगदी निर्धास्तपणे बोललो होतो.

पौषातल्या एका सकाळी बोरीच्या दोन फांद्यांमध्ये कोळ्याचं जाळं दिसलं, दवाने ओथंबलेलं. मध्ये कुणा टोळाने भोक पाडलं असावं. कोळ्याने चार आडवेतिडवे धागे टाकून ते सांधलं होतं आणि त्या सांध्यावरच बसून त्याची न्याहारी चालली होती.

"हे तर सरळसरळ फेल," मी म्हणालो.

काका गुडघे टेकून बसले. किती फोटो काढले कोण जाणे. मग भिंगातून एकेक धागा पाहत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बोर्डात आलेल्या पोरासारखा होता.

"पास," ते म्हणाले. "दुरुस्तीसकट पास."

जमलेल्यांच्या टाळ्या पडल्या. मी निमूटपणे चहा सांगायला गेलो. परत आलो तर काकांनी अंगावरची चादर बाकावर पसरली होती आणि ते खिशातून शिक्का काढत होते.

"नायनाची हाय," ते म्हणाले. नायना म्हणजे त्यांचे वडील. "त्याच कारखान्यात मागावर होते. नजर कमी झालती. धागा तुटला, तो त्यांनी हातानं सांधला, म्हणून मोराचा पाय वाकडा आला. मी सगळ्या खात्यासमोर फेल केली. दुसऱ्या दिवसापास्नं मागावर बसलेच न्हाईत."

"आणि चादर?"

"मीच घरी आणली की. पास करायला कारण हुडकत हुतो."

त्यांनी शिक्क्यावर फुंकर मारली आणि मोराच्या वाकड्या पायाशेजारी, पांढऱ्या पट्टीवर, दोन्ही हातांनी दाबून उमटवला. मग शिक्का समोर येईल अशी चादर पांघरली आणि चहा तसाच सोडून तलावाला पूर्ण फेरी मारली. वाटेत भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते, "नायनाची हाय. पास हाय."