पानं उलटणारी आत्या

पदवीच्या शेवटच्या परीक्षेला भाचीला सुरांची पानं उलटून द्यायला येणारी मैत्रीण सकाळीच तापाने आडवी झाली आणि ते काम आत्याच्या गळ्यात पडलं. आत्या शाळेत बाई. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या, पण पियानोचं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"सोप्पं आहे गं," भाची म्हणाली. "मी मान हलवली की पान उलटायचं. बस्स."

सोप्पं म्हणताना पोरीचे हात मात्र गार पडले होते. मागच्या वर्षी वाजवता वाजवता ती मधेच विसरली होती आणि रडत उठून गेली होती. म्हणून यंदा समोर पानं ठेवायची खास परवानगी काढलेली. आता पुन्हा थांबली, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

समोर तीन परीक्षक. भाचीने सुरुवात केली आणि आत्या बघतच राहिली. रोज सहा-सहा तास दार लावून ही पोरगी करते काय, ते तिला आज कळलं. दहा बोटं दहा दिशांना धावत होती, पण एकाचा पाय दुसऱ्यात अडकेल तर शपथ!

भाचीने मान हलवली. आत्याने पान उलटलं. पण रंगात आलेली भाची मान हलवतच राहिली. आत्या बिचारी दिल्या शब्दाला जागणारी. तिने आणखी तीन पानं उलटली.

"अगं, एवढ्यात नको!" भाची पुटपुटली.

आत्या घाबरून पानं मागे घ्यायला गेली, धांदलीत कोपर लागलं आणि सगळे सुटे कागद जमिनीवर. ती गुडघ्यांवर बसून गोळा करू लागली. पण आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं? सगळ्या कागदांवर सुरांच्या काळ्या मुंग्याच मुंग्या, आणि पानांना आकडेच नाहीत!

"आत्या, पानं!"

"शोधतेय गं!"

एका परीक्षकाने चष्म्यावरून पाहिलं. परीक्षेत सुटे कागद, आणि तेही आपल्या हातात! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेली आत्या गडबडली, पटकन खुर्चीवर बसली आणि कागद मांडीखाली दडपले.

भाचीने एकदा समोरच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. आत्याने डोळे मिटले. झालं! माझ्या मेलीमुळे पोरीचं वाटोळं झालं.

पण सूर थांबले नाहीत. एकदा अडखळले, सावरले आणि मग असे उसळले की आत्याने डोळे उघडले. भाची आता कुठेच बघत नव्हती. ती नुसती वाजवत होती. एवढीशी पोर, पण काय ती हिंमत! आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

वाजवणं संपल्यावर मोठ्या बाई, म्हणजे मुख्य परीक्षक, उठून थेट आत्याकडे आल्या.

"तीन वर्षं आम्ही हिला सांगतोय, तुझं सगळं पाठ आहे. पण पानं काढून घ्यायची आमची छाती झाली नाही. तुम्ही तर पानांवरच बसलात!"

भाचीने मिठीच मारली. "आत्या, तुला कसं गं कळलं?"

"कळतंय कुठलं! मला क्रमच लागेना. अगदी शपथेवर सांगते!"

"बघा, काय हा साधेपणा!" मोठ्या बाई भारावून म्हणाल्या. "उद्या आणखी एक मुलगी आहे, अशीच धीर सोडणारी. याल का पानं उलटायला?"

आत्याने भाचीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"येते की," ती म्हणाली. "पण तिचं खरंच पाठ आहे ना, तेवढं आधी तपासून ठेवा."